स्कूल बोर्डाच्या उमेदवारांची मते कशी वाचावीत

अमेरिकेतल्या मराठी घरात 'बोर्ड' म्हटले की अजूनही दहावी-बारावीची परीक्षा घेणारे मंडळच आठवते. स्कूल बोर्डाचा तसल्या परीक्षांशी संबंध नाही. हे स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातील सरकारी शाळांच्या गटाचा, कारभार पाहणारे, बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ सदस्यांचे आणि मतदारांनी निवडून दिलेले मंडळ असते. सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे, धोरणे ठरवणे आणि जिथे शिक्षक संघटनेशी करार होतो तिथे त्या कराराला मान्यता देणे, ही त्याची मुख्य कामे. निवडणूक जवळ आली की उमेदवारांना 'आपल्या डिस्ट्रिक्टपुढील सर्वांत मोठी आव्हाने कोणती?' असे विचारले जाते आणि त्यांची उत्तरे शेजारी शेजारी छापून येतात. ती सगळीच वाचायला चांगली वाटतात, आणि मतदाराची पंचाईत होते ती नेमकी इथे.

म्हणून उत्तरांकडे नंतर वळावे आणि आधी डिस्ट्रिक्टचा अर्थसंकल्प उघडावा. बोर्डाच्या बैठकीच्या कार्यसूचीला जोडलेली कागदपत्रे डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतात. दस्तऐवज दोनशे पानांचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातले चार आकडे टिपून घेतले तरी पुरतात: गेल्या पाच वर्षांची पटसंख्या, सर्वसाधारण निधीतील (रोजच्या कारभाराच्या मुख्य खात्यातील) जमा आणि खर्च, वर्षअखेरची राखीव शिल्लक, आणि एकूण खर्चात पगार व भत्त्यांचा वाटा. देशभरात चालू खर्चाचा सुमारे ८० टक्के भाग पगार आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांवर जातो. हा एक आकडा लक्षात ठेवला की 'वायफळ खर्च कापून तूट भरून काढू' या वाक्याचे वजन आपोआप कळते. मध्यवर्ती प्रशासनाचा वाटा देशपातळीवर सुमारे २ टक्केच आहे, त्यामुळे मोठी तूट केवळ तिथून भरून निघणे अवघड आहे.

चारांपैकी पटसंख्येवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. २०१९ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील सरकारी शाळांत सुमारे ५ कोटी ८ लाख मुले होती. पुढच्याच वर्षी हा पट सुमारे १४ लाखांनी घसरला. बहुतेक राज्यांत अनुदान पटाला बांधलेले असल्यामुळे मूल गेले की पैसा जातो, पण खर्च त्या प्रमाणात जात नाही. समजा, एका डिस्ट्रिक्टमध्ये ३०० मुले कमी झाली आणि दर मुलामागे १२,००० डॉलर मिळत होते, तर उत्पन्न ३६ लाख डॉलरने घटले. ही ३०० मुले मात्र बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या तेरा इयत्तांत, म्हणजे प्रत्येक इयत्तेत साधारण तेवीस, आणि तीही अनेक शाळांत विखुरलेली असतात. एकेका वर्गातून एक-दोन मुले गेली म्हणून शिक्षक कमी करता येत नाही, बसची फेरी थांबत नाही आणि वर्गखोली तापवण्याचा खर्चही उतरत नाही. शाळा एकत्र करण्याचा किंवा बंद करण्याचा कटू विषय इथूनच निघतो. ज्या उमेदवाराने 'एकही शाळा बंद होऊ देणार नाही' असे लिहिले आहे, त्याने ते ३६ लाख कुठून आणायचे हेही लिहिले आहे का, ते पाहावे.

कोविडच्या काळात केंद्र सरकारने शाळांना तीन टप्प्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्यातील शेवटचा आणि सर्वांत मोठा हप्ता कशासाठी वापरायचा हे ठरवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. अनेक डिस्ट्रिक्टनी या तात्पुरत्या पैशातून समुपदेशक आणि वाचन-साहाय्यक यांसारखी कायम लागणारी पदे भरली होती. सध्याच्या बोर्डातील सदस्य पुन्हा उभा असेल, तर त्याने त्या वेळी कशाच्या बाजूने मत दिले हे बैठकीच्या इतिवृत्तात सापडते. विद्यमान सदस्याच्या बाबतीत माझा भर तरी पत्रकापेक्षा इतिवृत्तावरच असतो.

एवढी तयारी झाली की उत्तरे हाती घ्यावीत आणि प्रत्येक आश्वासनाला दोन प्रश्न लावावेत: हे बोर्डाच्या अधिकारात आहे का, आणि यासाठी पैसा कोणत्या खात्यातून येणार? राज्याची परीक्षा रद्द करणे बोर्डाच्या हातात नसते. एकटा सदस्य तर काहीच ठरवू शकत नाही, कारण निर्णय बहुमताने होतात; त्यामुळे 'मी करून दाखवीन' या भाषेपेक्षा 'मी बोर्डापुढे असा ठराव मांडीन' ही भाषा अधिक जाणकाराची असते. खात्यांचा गोंधळ तर नेहमीचाच आहे. इमारतींसाठी मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडच्या, म्हणजे कर्जरोख्यांच्या, पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. तेव्हा 'नव्या मैदानाऐवजी शिक्षकांना पगार द्या' हे ऐकायला कितीही न्याय्य वाटले, तरी त्या मैदानाचा पैसा बाँडचा असेल तर ते वाक्य तिथेच बाद होते.

शिक्षणाच्या दर्जाविषयीची उत्तरे वाचताना उपाय किती नेमका आहे ते पाहावे. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतील सुमारे एक तृतीयांश मुले वाचनाच्या किमान पातळीच्याही खाली होती. 'गुणवत्तेवर भर' हे त्यावरचे उत्तर नव्हे. प्राथमिक वर्गांत वाचन कोणत्या पद्धतीने शिकवले जाते आणि शिक्षकांचे प्रशिक्षण कोण करते, याविषयी उमेदवार काही बोलतो का, ते शोधावे. गैरहजेरीचेही तसेच आहे. शाळेच्या १० टक्के दिवसांना, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवसांना मूल गैरहजर राहिले की ती दीर्घकालीन गैरहजेरी मानली जाते, आणि त्यात भारतातली लांबलेली सुट्टीही बहुधा मोजली जाते, हे आपल्या घरांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. विशेष शिक्षणाचा, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, खर्च 'आवरण्याची' भाषा असेल तर सावध व्हावे. १९७५ च्या कायद्यानुसार ती सेवा देणे डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे, तर केंद्राने सरासरी दरडोई खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत उचलायचा ठरवलेला भार प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोहोचलेला नाही.

शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके असावीत यावरचे वाद सभेत बराच वेळ खातात. त्यांना महत्त्व आहेच, पण उमेदवाराच्या पत्रकात फक्त तेच असेल तर वरील चार आकडे त्याने पाहिलेले नाहीत असे मी समजतो.

उमेदवारांच्या जाहीर सभेत प्रश्न विचारायला सहसा नागरिकत्व लागत नाही. एच-वन किंवा ग्रीन कार्डवरील पालकांनी तिथे अवश्य जावे. मतदान मात्र जवळजवळ सर्वत्र फक्त नागरिकांनाच करता येते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डापुरता मताधिकार दिला, तो मोजक्या अपवादांपैकी एक. त्याच शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी बोर्डाच्या तीन सदस्यांना मुदत संपण्याआधी पदावरून दूर केले.

मतपत्रिकेवर ही जागा बहुधा अगदी तळाशी असते आणि अनेक राज्यांत उमेदवारापुढे पक्षाचे नाव नसते, म्हणून नावे घरूनच टिपून न्यावीत. काही डिस्ट्रिक्टमध्ये आपल्या विभागाच्या एकाच जागेसाठी मत द्यायचे असते, तर काही ठिकाणी एकाच यादीतून दोन-तीन जण निवडायचे असतात. किती जणांना मत देता येईल ते यादीच्या वरच लिहिलेले असते, आणि त्याहून अधिक खुणा केल्या तर त्या जागेपुरते आपले मत बाद होते.