शायलॉक वाचा दोन पेन्सिलींनी

आमच्या हौशी नाट्यमंडळात शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चं वाचन लावलं की पहिला चहा संपायच्या आत दोन तट पडतात. शायलॉकला, म्हणजे नाटकातल्या ज्यू सावकाराला, एक म्हणतो बिचारा, दुसरा म्हणतो कसाई. म्हणून मी आधी चर्चाच होऊ देत नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पेन्सिली देतो.

शायलॉक अख्ख्या नाटकात पाचच प्रवेशांत येतो, तेव्हा एका दुपारचं काम आहे. त्याला जे सोसावं लागतं त्याखाली निळी रेघ, तो जे करतो किंवा करायचं ठरवतो त्याखाली लाल. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात दोन्ही लागतात. त्याच्याकडून कर्ज घेणारा ख्रिस्ती व्यापारी अँटोनिओ त्याच्यावर थुंकलाय, त्याला कुत्रा म्हणालाय, आणि पुन्हा थुंकेन असं तोंडावर सांगतो. निळी. पण त्याआधीच शायलॉक स्वतःशी बोलून गेलाय: हा ख्रिस्ती म्हणून मला नकोसा, आणि बिनव्याजी कर्ज देऊन व्याजाचा दर पाडतो म्हणून त्याहून नकोसा. लाल.

रेघ ओढण्याआधी बोलतंय कोण, ते बघा. मुलगी जेसिका पैसे आणि दागिने घेऊन पळाल्यावरचा ‘माझी मुलगी! माझे डुकाट (सोन्याची नाणी)!’ हा आक्रोश सगळ्यांना पाठ असतो. पण दुसऱ्या अंकात तो अँटोनिओचा मित्र सोलॅनिओ नक्कल करून, टिंगलीत सांगतो. ऐकीव गोष्टीला रेघ नाही. तिसऱ्या अंकात मात्र शायलॉक स्वतःच म्हणतो, पोरगी माझ्या पायाशी मरून पडावी, कानात ती रत्नं असावीत. लाल, चांगली दाबून. त्याच प्रवेशात शायलॉकच्या मित्राकडून, ट्यूबलकडून, कळतं की जेसिकाने एक अंगठी देऊन माकड घेतलं. ती अंगठी शायलॉकला लग्नाआधी लीआने (बहुधा त्याच्या बायकोने) दिलेली. पुन्हा निळी.

‘ज्यूला डोळे नसतात का’ हे भाषण स्पर्धेत म्हणणारे बरेचदा निम्म्यावर थांबतात, कारण टाळ्या तिथेच मिळतात. तुम्ही शेवटपर्यंत जा. ते सूडावर संपतं, आणि हे तुम्हा ख्रिस्ती लोकांकडूनच शिकलो असं बजावून.

न्यायालयाचा प्रवेश सावकाश घ्या. कर्ज फिटलं नाही तर अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस, असा करार होता, आणि शायलॉक तेच मागतोय. तीन हजारांऐवजी सहा हजार डुकाट समोर असताना तो सुरीला धार लावतो. तोच तिथे विचारतो, तुम्ही विकत घेतलेले गुलाम सोडाल का? उत्तर कुणीच देत नाही. शेवटी त्याला धर्म सोडायला लावतात. ही अट वकिलाच्या वेशात आलेल्या पोर्शियाची नव्हे, अँटोनिओची. तीही दया दाखवताना घातलेली. इथे निळी पुरत नाही. अँटोनिओसाठी वेगळी लाल पेन्सिल घ्या आणि पहिल्या प्रवेशापासून पुन्हा सुरुवात करा.