पहिला फ्लॅट, पहिला रूम पार्टनर: या चुका टाळा

सोलापुरात मी ऑनलाइन भाडेकरार करून देतो. कॉलेजं सुरू झाली की जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागात फ्लॅट घेणाऱ्या पोरांची गर्दी होते. फ्लॅट एकाच्या नावावर आणि राहणार दोघं, हे दरवर्षी ठरलेलं. दुसऱ्याचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "त्याचं नंतर बघू हो, आज किल्ली मिळू दे." या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण पुढचे महिने कसे जातात ते मी बघत आलोय.

पार्टनरचं नाव करारात न घालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची असली, तरी करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं समजणारेही पुष्कळ भेटतात. तशी ती होत नाही.

एक उदाहरण सांगतो. इंजिनीअरिंगच्या एका पोराने आठ हजार भाड्याने फ्लॅट घेतला, डिपॉझिट तीस हजार. पार्टनरने त्यातले पंधरा रोख दिले, पावती नाही. पाचव्या महिन्यात पार्टनरला पुण्यात नोकरी लागली आणि त्याने पंधरा हजार परत मागितले. मालक म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही. डिपॉझिट फ्लॅट सोडताना, ज्याच्याशी करार केलाय त्यालाच मिळेल." मालकांचं काही चुकलं नव्हतं. पार्टनरने मग आपल्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन पुण्याला गेला. खोली बंद, त्यामुळे नवा पार्टनर ठेवता येईना, आणि पूर्ण आठ हजार एकट्याच्या डोक्यावर. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर फ्लॅट सोडायचा नाही अशी अट, असल्याने सोडूनही जाता येईना. वडील मोहोळकडचे शेतकरी. त्यांनी मामाकडून हातउसने पैसे आणून पंधरा हजार दिले, तेव्हा किल्ली आली. दोघं पोरं वाईट नव्हती. एकाच गावची होती, आज एकमेकांशी बोलत नाहीत.

दोघांची नावं घालायला वेगळा खर्च येत नाही. अकरा महिन्यांच्या अशा कराराला मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १००० रुपये. दोघांनी आधार घेऊन अंगठा लावायला यायचं, एवढंच. दोघं समोर बसल्याशिवाय मी फॉर्मच उघडत नाही. शिवाय एका साध्या कागदावर लिहून घेतो: डिपॉझिट कुणी किती दिलं, मध्येच सोडणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचं, नवा पार्टनर कुणी शोधायचा आणि तो येईपर्यंत भाडं कुणी भरायचं. पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि खाली 'डिपॉझिट' लिहा.

पाण्याचं न ठरवणं

बाहेरगावच्या पोरांना हे आधी कळतच नाही. इथे महापालिकेचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि बऱ्याच भागांत अवेळी. पाणी सुटलं की कुणीतरी उठून मोटार लावायची, हौदातलं टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की बंद करायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा पार्टनर असेल, तर तो पाण्याच्या वेळी घरी नसतोच. मग दुसरा प्रत्येक वेळी एकटाच उठतो, आणि महिन्याभरात त्याच्या मनात अढी बसते. भांडण बादलीवरून सुरू होतं आणि फ्लॅट सोडण्यावर जातं.

पार्टनर निवडताना मी जात-गाव विचारू नका म्हणतो, कामाची पाळी, दिवसाची की रात्रीची, ते विचारा म्हणतो. पाण्याचा वार आणि उठायची पाळी मोटारीच्या बटणाशेजारी कागदावर चिकटवून ठेवा. तोंडी ठरलेलं सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. टाकी रिकामी असताना गिझर लावू नका. जळलेल्या गिझरचे पैसे मालक डिपॉझिटमधून कापतात आणि जाळला कुणी यावर पुन्हा वाद.

लाइट बिल सरळ अर्धं-अर्धं करणं

घरगुती मीटरला १०० युनिटच्या पुढे दर बराच वाढतो. एकाच्या खोलीत एसी असेल, तर एप्रिल-मेचं बिल अर्धं वाटणं अन्याय आहे. मार्चचं बिल आधाराला धरा. तेवढं बिल आणि कुलरपुरती थोडी वाढ दोघांत वाटा, त्यावरचं एसीवाल्याने भरावं.

बाकीच्या

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देताना पार्टनरचीही द्यायला मालकांना सांगा.

गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेला, गावाकडचे पाहुणे येणारच. किती दिवस, ते जानेवारीच्या आधी बोलून घ्या.

राहायला जाताना नळ, पंखे, दारं, भिंतींचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा.

जिवलग मित्र आहे म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्यालाच आधी कागदावर सही करायला लावा. पार्टनर मध्येच बदलला, तर जुन्या करारावर खाडाखोड करून चालत नाही. मालकांना सांगून नव्या दोघांच्या नावाने नवा करार करा, आणि जाणाऱ्याला त्याचा वाटा देताना 'मिळाला' असं लिहून सही घ्या.