स्टीलचं मॅगझिन घेताय? आधी धुवा, मग बाकीचं

पॉइंट टू-टूच्या बोल्ट-अॅक्शन रायफलीचं प्लॅस्टिकचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, बदलून बाहेरच्या कंपनीचं स्टीलचं घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, आणि जे आमच्यासारखे यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात राहून नेमबाजीच्या रेंजसाठी नागपूरची वाट धरतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळ्यात आधी एकच सांगतो. नवीन मॅगझिन आलं की ते उघडायचं आणि धुवायचं. दुकानातून चकचकीत, तेलकट, पन्नीत गुंडाळून आलं असलं तरी धुवायचं. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि रेंजवरची अर्धी वेळ चटईवर बसून स्प्रिंग पुसण्यात गेली. का धुवायचं ते खाली येईलच, पण ज्यांना पुढे वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आता क्रमाने. परवाना खिशात पाहिजे, हे सांगायला नको. पण मॅगझिन म्हणजे किरकोळ सुटा भाग, तो कुठूनही मागवावा, असं समजणारे बरेच भेटतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात. म्हणून खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करायची, परवाना दाखवून आणि पक्कं बिल घेऊन. कोणाचा भाचा परदेशातून येतो आहे, तो सामानात टाकून आणील, असले उद्योग करू नका. आयातीला वेगळा परवाना लागतो आणि विमानतळावर भाच्याची जी गत होईल ती तुमच्या घरात कायमची ऐकावी लागेल. आधी विक्रेत्याला फोन करा आणि नोंद कशी करायची ते त्यालाच विचारा. परवान्याची मुदतही पाहून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती तीनची पाच वर्षं झाली आहे, पण त्यामुळेच लोक तारीख विसरतात.

मॅगझिन लागणारच आहे का, हेही घेण्याआधी स्वतःला विचारा. 50 मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय प्रकारांत गोळी एकेक करूनच भरायची असते, तिथे मॅगझिन पिशवीतच राहतं. सराव, क्लबचे सामने, पाच-पाचच्या फैरी, यासाठी ते कामाचं. आणि रानडुकरासाठी म्हणून कोणी घेत असेल तर थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा आहे, पीक कितीही उकरलं तरी वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय जनावरावर नेम धरता येत नाही. शिवाय खेळाच्या परवान्यावरची रायफल खेळासाठीच असते. हा विषय इथेच संपवतो, नाहीतर पारावरची चर्चा सुरू होईल.

पाचाचं घ्यायचं की दहाचं? पाचाचं घ्या. दहाचं खाली लोंबतं आणि झोपून नेम धरताना चटईला टेकतं. टेकलं की मॅगझिन वर ढकललं जातं आणि गोळी चढायचा कोन बदलतो. दहाचं घेऊन मिरवणारे दोन फैरींनंतर पाचाचं मागायला येतात.

घेताना तुमच्या रायफलीचं मॉडेल आणि काडतुसाचं पूर्ण नाव, दोन्ही सांगा. पॉइंट टू-टू लाँग रायफल आणि पॉइंट टू-टू मॅग्नम ही काडतुसं वेगळी, त्यांची मॅगझिनंही वेगळी. लाँग रायफलच्या काडतुसाची पूर्ण लांबी जास्तीत जास्त 25.4 मिलिमीटर, मॅग्नमची त्याहून बरीच जास्त. नुसतं ‘टू-टूचं द्या’ म्हणून मोकळे झालात तर परत जावं लागेल. जमलं तर जुनं मॅगझिन सोबत न्या आणि शेजारी ठेवून ओठ (वरच्या गोळीला धरून ठेवणाऱ्या वळलेल्या कडा), मागची भिंत आणि मॅगझिन धरून ठेवणारा खटका अडकायची खाच डोळ्याने ताडून पाहा. जुनं फेकू नका, विकूही नका. नव्याने दगा दिला तर सामना जुन्यावरच निघणार आहे.

आता धुणं. कारखान्यातून निघताना पोलादाला गंज चढू नये म्हणून आतबाहेर दाट तेल फासलेलं असतं. बोटीतून, गोदामातून येईपर्यंत ते टिकावं यासाठीच ते असतं. गोळ्या पटापट वर चढाव्यात ही त्या तेलाची जबाबदारी नाही. कोरड्या, स्वच्छ देशात कदाचित ते तसंच वापरून चालतही असेल. आपल्याकडे नाही चालत. दसऱ्यापासून वेचणी सुरू झाली की ज्या घरात कापूस साठतो त्या घरात तंतू कुठे नसतो ते दाखवा. कपाटाच्या आत, रायफलीच्या पेटीत, पेटीच्या बिजागरीत, सगळीकडे. त्यात उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ. दाट तेलाला हे दोन्ही चिकटले की मॅगझिनच्या तळाशी तेलात भिजलेली फुलवात तयार होते. गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी त्यात अर्ध्यावर अडकते. पहिल्या दोन गोळ्या सुरळीत जातात, कारण तेव्हा स्प्रिंग पूर्ण दबलेली असून जोर भरपूर असतो. तिसऱ्या-चौथ्याला जोर कमी पडतो, गोळी वर येत नाही आणि बोल्ट (हाताने मागेपुढे करायचा दांडा, जो गोळी नळीत ढकलतो) नुसता तिच्यावरून सरकून जातो. तुम्हाला वाटतं मॅगझिनच खराब निघालं. मॅगझिन चांगलं असतं, धुतलेलं नसतं.

म्हणून धुवा. तळपट्टी सरकवून काढताना स्प्रिंग उसळते, तेव्हा काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा, नाहीतर पलंगाखाली लोळावं लागेल. त्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगचं कोणतं टोक वर आणि कोणती बाजू पुढे हे फोटोत दिसलं पाहिजे. उलटी बसवली तरी ती बसते, पण गोळीचं नाक खाली पडतं. रॉकेल मिळालं तर उत्तम, पण ते आता शोधावं लागतं. पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. डिझेल नको, ते स्वतःच एक थर सोडतं. पेट्रोल तर मुळीच नको, घरात चूल आणि देवाजवळचा दिवा असतो. काम अंगणात, वाऱ्यावर करा आणि बिडीवाल्याला लांब बसवा. आतली ढकलपट्टी प्लॅस्टिकची असेल तर ती टर्पेंटाइनमध्ये भिजत घालू नका, साबणाच्या पाण्याने धुवा. डबीचे आतले कोपरे जुन्या टूथब्रशने घासा, स्प्रिंगचा एकेक वेढा पुसा. पुसायला कपडा असा घ्या की ज्याचा तंतू सुटत नाही. कापसाच्या बोळ्याने पुसलं तर धुतल्याचा उपयोग शून्य. मग उन्हात वाळवा, आपल्याकडच्या उन्हाला फार वेळ लागत नाही.

वाळलं की डबी आतून कोरडीच ठेवा. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांना हे पटत नाही. ‘भाऊ, थोडंसं तं तेल पाहिजेनं!’ नाही पाहिजे. बाहेरच्या अंगाला बोटभर तेल चोळून पुसून घ्या, आणि स्प्रिंगला नुसता तेलाचा हात. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल लावू नका. ते साधारण 24 अंशांच्या खाली घट्ट होतं आणि आपल्याकडे पौषात सकाळी काय थंडी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय पॉइंट टू-टूच्या गोळीच्या शिशावर आधीच मेणाचा हात असतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की बंद गाडीत ते मेण पाघळतं आणि मॅगझिनमध्ये उतरतं. म्हणजे आत चिकटपणा आपोआप येणारच आहे, तुम्ही आपल्या हाताने भर घालू नका. आणि म्हणूनच धुणं एकदाच करून भागत नाही. प्रत्येक वेचणीनंतर आणि उन्हाळा संपताना पुन्हा उघडायचं, पुन्हा धुवायचं.

धुतल्यावर तपासणी. रायफल रिकामी, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने पाहून खात्री केलेली. मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजणाऱ्याच्या शेजारी मी झोपून नेम धरत नाही. रिकामं मॅगझिन लावा. खटका बसल्याचा आवाज स्पष्ट यायला हवा. हलकेच खाली ओढून पाहा, वर ढकलून पाहा, किती हलतं ते बघा. फार खाली बसलं तर बोल्ट काडतुसाच्या कडेला धरत नाही, फार वर बसलं तर बोल्टचा तळ ओठांवर घासतो. बोल्ट सावकाश पुढेमागे करा आणि कान द्या, घासण्याचा आवाज लपत नाही. स्टीलचं मॅगझिन जड असतं, खटका दाबला की टपकन खाली पडतं. प्लॅस्टिकचं पडलं तर उसळतं, नाहीतर फुटतं. स्टीलचं पडलं तर ओठ वाकतो आणि वाकलेलाच राहतो, ते तुम्हाला दिसतही नाही. खाली हात धरायची सवय आत्तापासून लावा.

घरी भरून पाहायचं तर डमी, म्हणजे बारूद नसलेली, काडतुसं वापरा, जिवंत गोळी घरात बोल्टखाली आणायची नाही. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यायला हवी. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मागे कड असते, वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट ढकलून हात दुखतो. डमी चढवून परत काढल्यावर तिच्या नाकावर ओरखडा आहे का पाहा. खरी गोळी शिशाची आणि मऊ, ओठाच्या धारेने तिचा कीस निघाला की निशाण इकडेतिकडे जातं आणि आपण दोष डोळ्यांना देतो. ओरखडा दिसला तर कानस हातात घेऊ नका. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडेही देऊ नका. कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून मॅगझिन विक्रेत्याकडे परत न्या आणि बदलून मागा. बिल त्यासाठीच घ्यायला सांगितलं होतं.

दोन घेतली असतील तर तळाला नेलपॉलिशने एक, दोन असे आकडे टाका. जुन्यावरही टाका. कोणतं अडकतं हे आठवणीवर सोडलं की शेवटी तिन्हींवर संशय येतो.

रेंजवर पहिल्या वेळी सामन्याला जाऊ नका, सरावाला जा. प्रत्येक मॅगझिनमधून पूर्ण भरून काही फैरी काढा, कारण अडकणं दुसऱ्या गोळीला कळत नाही, चौथ्या-पाचव्याला कळतं. अडकलं तर नळी समोर ठेवूनच हात लावा. गोळ्या नेहमी वापरता त्याच न्या. आणि जाण्याच्या आदल्या रात्री मॅगझिन पुन्हा उघडून पाहा. धुवून पंधरा दिवस कापसाच्या खोलीत ठेवलं असेल तर ते धुतलेलं राहिलेलं नाही. झिपच्या पिशवीत ठेवा. पेटीतल्या स्पंजवर उघडं ठेवू नका, तो स्पंजच सगळा तंतू धरून बसतो.

पावसाळ्यात स्टीलला गंज येतो, प्लॅस्टिकला येत नव्हता. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि अधूनमधून बदला. ओल्या हाताने धरलं तर पुसून ठेवा.

निवडणुकीच्या वेळी रायफल ठाण्यात जमा करायला सांगितलं तर मॅगझिनंही जातील. पावतीवर रायफलीच्या नंबराबरोबर मॅगझिन किती आणि कोणती हेही लिहून घ्या. परत घेताना मोजा. ठाण्यातल्या कोठीत आठवडेच्या आठवडे राहून आल्यावर काय करायचं ते आता सांगत नाही, अंगणात टर्पेंटाइन घेऊन बसा.

स्प्रिंग ताणून मोठी करू नका. भरून ठेवू नका, घरी आलं की रिकामं करा, गोळ्या वेगळ्या कुलपात. बाकी बिल आणि परवान्याची झेरॉक्स पेटीच्या झाकणात.