रातांबे घरात येण्याआधी

कोकम सरबताच्या तयारीला सुरुवात बरणीपासून नाही, कॅलेंडरपासून करायची. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, एप्रिलच्या शेवटी पिकू लागतात, भर येतो मे महिन्यात. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागते, 7-8 जूनला मृग, आणि या दोन्हींच्या मध्ये वळीव कधी झोडपून जाईल याचा नेम नाही. बरणीला आठवडाभर तरी कडक ऊन हवं. उलटं मोजत आलात की कळतं, 20 मेनंतर रातांबे आणणं म्हणजे जुगार आहे. पावसात भिजलेलं फळ पाणचट होतं, साल फुटते आणि फुटलेल्या जागी दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. आईचं एकच म्हणणं असायचं, मृगाच्या आत बरण्या घरात. आता तिचे गुडघे तिला जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून गेली काही वर्षं बसायचं काम माझ्याकडे आणि खुर्चीतून ओरडायचं काम तिच्याकडे आहे.

ती ओरडते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी: ओला हात. पुढची सगळी यादी त्या दोन शब्दांतून निघते. रातांब्याचा रस आंबट जहाल, त्यात साखर भरपूर, त्यामुळे त्याचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते वरून पडलेल्या थेंबभर पाण्याने.

म्हणून आठ दिवस आधी बाटल्या गोळा करा. काचेच्याच. प्लॅस्टिकच्या जुन्या बाटलीचा वास जात नाही, आणि गेला असं वाटलं तरी सरबत उघडल्यावर परत येतो. आमच्याकडे गावात वर्षानुवर्षं कोकम ज्या बाटल्यांत भरलं जातं त्या मुळात कसल्या होत्या हे सांगायला नको. जाड काच, अरुंद तोंड, बेत उत्तम. फक्त नवा पाहुणा आला तर कपाट उघडताना जरा आडोसा करायचा. झाकणं मात्र बघून घ्या. पत्र्याचं झाकण आंबट रसाने आतून गंजतं, दोन महिन्यांत त्याची पूड बाटलीच्या तोंडाशी दिसायला लागते. प्लॅस्टिकचं फिरकीचं झाकण किंवा नवं बूच बरं.

बाटल्या साबणाने धुवून झाल्या की मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालायचं, बाटल्या त्यावर ठेवायच्या, गार पाणी भरायचं आणि मग गॅस लावायचा. उकळत्या पाण्यात गार बाटली टाकली तर तडकते. उकळी आल्यावर पंधरा मिनिटं पुरेत. मग चिमट्याने काढून स्वच्छ पंचावर उपड्या, आणि निथळल्या की उताण्या करून दोन दिवस उन्हात. दोन दिवस लिहिलंय ते चुकून नाही. बाटलीच्या खांद्याशी, आतल्या वळणावर, पाण्याची एक बारीक रेघ शेवटपर्यंत चिकटून असते. बाटली तिरकी धरून उजेडाकडे बघितली तरच दिसते.

ती रेघ न बघण्याची किंमत मी मोजली आहे. एक बाटली कमी पडली म्हणून ऐन वेळी एक विसळली, झटकली आणि भरली. तीन आठवड्यांनी रात्री स्वयंपाकघरात फट्‌ असा आवाज झाला. सकाळी बघितलं तर झाकण ओट्याखाली आणि भिंतीवर छतापर्यंत गुलाबी शिंतोडे. पाण्याने साखर पातळ झाली, यीस्टने संधी साधली, आत वायू साचला आणि झाकणाने दम सोडला. बाकीच्या चार बाटल्या पुढच्या मेपर्यंत ठणठणीत होत्या. भिंत पुढच्या रंगकामापर्यंत गुलाबी होती.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची घ्या. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, लोखंड यांतलं काहीही या रसाच्या जवळ आणू नका. विळीचंही तेच: लोखंडी पात्याने रातांबे चिरले तर पातं काळं पडतं आणि रसाचा तो झळझळीत लाल रंग मळकट होतो. स्टीलची सुरी चालते. ढवळायला लाकडी कालथा हवा, आणि तोही फोडणीच्या वासाचा नको, वेगळा ठेवलेला हवा. बरणीच्या तोंडाला बांधायला दादरा, म्हणजे जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा धुतलेला तुकडा, आणि सुतळी. मुंग्यांसाठी परातीत पाणी. हे एवढंच पाणी या कामात कामाचं.

वजनकाटा लागेल. अंदाजाने लोणचं होतं, हे होत नाही. पाच किलो रातांबे आणले तर साल साधारण निम्मी, अडीच किलो निघते. साखर सालीच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे पावणेचार ते पाच किलो. आकडा ऐकून शहरातली मंडळी दचकतात आणि समसमान घालायला बघतात. घाला, पण मग ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायची तयारी ठेवा. साखर इथे गोडीपुरती नसते, ती रसातलं पाणी धरून ठेवते. बाजारच्या सिरपलाही किमान 65 टक्के विद्राव्य घन पदार्थांची, म्हणजे मुख्यतः विरघळलेल्या साखरेची, अट असते ती याचसाठी, आणि दीडपटीचा हिशेब जवळपास तिथेच येऊन पोचतो. दुप्पट घातली तर तळाशी थोडी साखर न विरघळता राहते. राहू दे. मी दीडपटीच्या किंचित वर घालतो. आमच्याकडे पाच किलो रातांब्यांचं पावणेचार ते चार लिटर सरबत होतं, पाऊण लिटरच्या पाच बाटल्या. तेव्हा बाटल्या सात तयार ठेवा, कारण आगळ, म्हणजे गराचा खारवलेला रस, तोही निघणार आहे.

फळ निवडताना गडद लाल, जांभळ्याकडे झुकणारं, देठाशी घट्ट आणि न फुटलेलं घ्यायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात मिळाली तर उत्तम, पण आमच्या परसातलं झाड कोणत्या जातीचं हे कुणी विचारलेलं नाही आणि त्याने कधी तक्रार केलेली नाही. मुंबईत असाल तर मे महिन्यात दादरच्या बाजारात रातांबे दिसतात. टोपलीच्या तळाचे हाताने चाचपून घ्या, वरचे नेहमी सुंदर असतात. आणले की दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं, हे फळ आंब्यासारखं गवतात वाट बघत बसत नाही.

आदल्या संध्याकाळी रातांबे धुवून रोवळीत निथळत ठेवायचे, रात्री पंख्याखाली पसरायचे, सकाळी एकेक पुसायचा. कंटाळवाणं काम आहे, पोरांना लावावं. बसण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळा, बोटाला चीर असेल तर त्या माणसाला साखर मोजायला बसवा, कारण रस झोंबतो तो रात्री झोप लागेपर्यंत झोंबतो. कपडे टाकाऊ घाला. नखं आठवडाभर काळी राहतात, ऑफिसात विचारतात.

रातांबा आडवा चिरून दोन वाट्या करायच्या. आतला गर आणि बिया वेगळ्या पातेल्यात, वाट्या दुसऱ्यात. बरणीच्या तळाला साखर, मग साखर भरलेल्या वाट्यांचा थर, परत साखर, असं करत वरचा थर जाड साखरेचा. बरणी काठोकाठ भरू नका, चार बोटं जागा ठेवा. दादरा बांधून उन्हात.

पुढचे दिवस राखणीचे. गावात माकडं येतात. काठी घेऊन कोणीतरी पडवीत हवं, नाहीतर बरणी अशा जागी ठेवा जिथे ऊन पोचतं आणि माकड पोचत नाही. अशी जागा मला अजून सापडलेली नाही. रोज सकाळी कोरड्या कालथ्याने तळापासून ढवळायचं, सूर्य कलला की बरणी आत. दादऱ्याच्या आतल्या बाजूला किंवा बरणीच्या गळ्याशी घामासारखे थेंब दिसले तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ते थेंब वरच्या थरावर पडले की तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी तिथेच सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाट्या आकसायला लागतात, रस वर चढतो. आठव्या दिवशी वाटी चामड्यासारखी चिवट आणि रस मधासारखा जाड झाला की समजा झालं. फ्लॅटच्या बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन येत असेल तर दहा-बारा दिवस धरा. घाईने गॅसवर चढवू नका, रंग आणि वास दोन्ही उतरतात.

मग स्टीलच्या गाळणीतून गाळायचं, वाट्या हलक्या दाबायच्या. लिटरला दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चमचाभर मीठ. जिरं पूर्ण गार झाल्यावरच कुटा. काही जण जिरं पिताना घालतात, तेही बरं, बाटलीत गाळ बसत नाही. उरलेल्या वाट्या टाकायच्या नाहीत, वाळवून आमटीत घाला. पिताना एक भाग सरबताला पाच भाग गार पाणी.

गर आणि बियांच्या पातेल्याकडे त्याच दिवशी बघायचं. त्यात खडे मीठ, किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम, घालून दोन-तीन दिवस ठेवा, रोज ढवळा, मग गाळा. हे आगळ. सोलकढीला वर्षभर पुरतं, मिठावर टिकतं. सोलकढी मात्र करून ठेवायची नाही, नारळाचं दूध दुपारचं संध्याकाळपर्यंत धीर धरत नाही. बिया राखेने चोळून धुवून वाळवल्या की त्यांचं तेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना लागतं.

टिकवण्याची पावडर घालायची का, हे दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. साखर पुरेशी असेल तर घरासाठी गरज नाही. घालायचीच असेल तर कोकमाला सोडियम बेंझोएट, लिटरला अर्धा ग्रॅम, काट्यावर मोजून. लिंबाच्या स्क्वॅशला जी मेटाबायसल्फाइट घालतात ती इथे नको, ती लाल रंग उडवते.

ताज्या रसांची गोष्ट वेगळी, तिथे ही सगळी सैन्यभरती व्यर्थ आहे. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, तो काढून प्यायचा. कलिंगडात आंबटपणा नाहीच, तासाभरात संपवा. उसाचा रस काळवंडतो, लिंबू-आलं पिळलं तरी थोडाच वेळ मिळतो. दुधीचा रस घोटभर चाखून कडू लागला तर ताबडतोब ओतून द्यायचा, वाया गेला म्हणून हळहळायचं नाही. लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरा. कैरीचा उकडलेला गर गूळ घालून तसाच गोठवा. ठेवण्यासारखे हे दोनच.

शेवटचं काम सगळ्यांत छोटं आणि मी ते सगळ्यांत जास्त वेळा टाळलेलं. बाटल्या भरल्या, अंधाऱ्या कपाटात गेल्या, की लगेच कागदाची पट्टी चिकटवून तारीख आणि आत काय आहे ते लिहा. सरबत आणि आगळ काचेतून अगदी सारखे दिसतात. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या उन्हातून आलेल्या धाकट्या मावशीच्या नवऱ्याला मी मोठा पेला भरून, बर्फ घालून दिला. काका मुकाट्याने अर्धा पेला प्यायले, खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, यात भात आहे का?"