वारीचे फोटो काढायला निघण्याआधी

सगळ्यात आधी कोरडं फडकं. बॅटऱ्या, कार्डं, लेन्स कोणी विसरत नाही. फडकं राहतं. गेल्या वर्षी दिवे घाटात माझं राहिलं. पालखी चढाला लागली आणि सर आली. सदरा भिजला, खिशातला रुमालही भिजला, आणि काच पुसायला अंगावर कोरडं असं काही उरलं नाही. ओल्या रुमालाने पुसलं की थेंब जात नाही, काचभर पसरतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही. घरी मोठ्या पडद्यावर बघितलं की माणसांच्या चेहऱ्यांवर धुरकट डाग दिसतात, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाहीत. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने एफ/११ वर (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) काढत असाल तर थेंब आणखी ठळक उमटतो. टेलीवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, डाग दिसत नाही, पण सगळं चित्र फिकं पडतं.

म्हणून फडकी निदान चार घ्या. काचेसाठी चष्म्याचं मऊ मायक्रोफायबर, आणि कॅमेऱ्याचं अंग टिपायला धोतराचं किंवा पंचाचं जुनं सुती कापड. प्रत्येक फडकं वेगळ्या झिपच्या पिशवीत. सगळी एकाच पिशवीत कोंबलीत तर पहिलं ओलं झालेलं बाकीच्यांना भिजवतं. एक पिशवी छातीच्या खिशात असलीच पाहिजे, कारण भर गर्दीत पाठीवरची बॅग उतरवता येत नाही. फोनवर काढणाऱ्यांनाही हेच लागू. फोनच्या काचेवर तर पाऊस नसतानाही बोटांचं तेल असतं.

छत्री नको, दोन्ही हात मोकळे हवेत. रेनकोट घ्या. कॅमेऱ्याला रेनकव्हर, नाहीतर जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. लेन्सला हूड (पुढची झापड) लावूनच निघा, अर्धे थेंब तोच अडवतो. तिपाई घरी ठेवा, त्या गर्दीत ती कोणाच्या तरी पायात येईल.

दिवसा दोनच लेन्स: २४-७० आणि ७०-२०० एमएम. एकच कॅमेरा असेल तर एकच, २४-७०. पावसात किंवा धुळीत लेन्स बदलायची नाही. गाडीतल्या एसीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायला जाऊ नका, दमट हवेत काच धुकाळते. कॅमेरा बॅगेतच राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की काढा.

सेटिंग आदल्या रात्री लावून ठेवा. चालत्या माणसांसाठी शटरचा वेग १/५०० सेकंद धरा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. वारीत एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे पांढरा रंग. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि वर ढगाळ आभाळ, एवढं पांढरं एकदम दिसलं की कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो आणि टोपीखालचा सावळा चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, अधिक २/३ ते अधिक १ ठेवा. ऊन पडलं की लगेच शून्यावर आणा, नाहीतर सदऱ्यावरच्या चुण्या जळून कोरा पांढरा ठिपका उरतो. चेहरा महत्त्वाचा, पण कापडाचा पोतही हवा, त्यासाठी हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघत राहा.

आता घाट. आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरवरून दिवे घाट चढते आणि सासवडला जाते. त्या दिवशी घाटात वाहनांना बंदी असते, त्यामुळे खूप आधी पोहोचा आणि जागा धरा. सगळे वरच्या वळणावर उभे राहून तोच नागमोडी रस्ता काढतात. तोही काढा, पण दोन-चार फ्रेममध्ये उरका आणि खाली या. दिंडीत आधी पताका येतात, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. हा क्रम डोक्यात असला की पुढे काय येणार ते कळतं आणि धावपळ करावी लागत नाही. दिंडीच्या थोडं पुढे जाऊन कडेला थांबा, गुडघ्यावर बसा, माणसं तुमच्याकडे येऊ द्या. विणेकऱ्याची बोटं, पखवाजाला लावलेली कणीक, भेगाळलेली टाच असं जवळचंही घ्या. फुगडीला १/१५ ते १/३० वर बघा, फिरणाऱ्या पदरांची रेघ मिळते. आणि सर आली, गेली, की दर वेळी काच बघा. बोटाने नाही, सदऱ्याच्या टोकाने नाही, कोरड्या फडक्याने.

रिंगणाची तयारी वेगळी. माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं. गोल रिंगणात पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी, टाळकरी आपापल्या पाळीने धावतात, आणि अश्व धावतात. अश्व दोन असतात: एकावर स्वार, दुसऱ्यावर कोणी नाही, तो माऊलींचा. इथे १/१००० च्या खाली जायचं नाही, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर. दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, एका फ्रेमसाठी घोडा बुजवणं हे पाप आहे. अश्व गेला म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, खरे चेहरे तेव्हा दिसतात. पाऊस नसेल तर इथे धूळ उडते. धूळ बसलेल्या काचेवर थेट फडकं फिरवाल तर ओरखडे पडतील. आधी ब्लोअर (हवा मारणारा रबरी फुगा), मग फडकं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

संध्याकाळी मुक्कामी समाजआरती. शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि एवढा समुदाय एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. त्या शांततेत तुमच्या शटरचा खटखटाट नको, आधीच सायलेंट मोड लावा. एलईडी दिव्यांखाली सायलेंट मोडमध्ये फोटोवर पट्टे येऊ शकतात, एक फ्रेम काढून बघा. फ्लॅश नाही म्हणजे नाही. ५० एमएम एफ/१.८ जवळ असेल तर तीच लावा, आयएसओ ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. लेन्स बदलायची ती आडोशाला, हात पुसून. कशाने ते सांगायला नको.

जवळून फोटो काढण्याआधी “माऊली, काढू का?” एवढं विचारा. नको म्हटलं तर नमस्कार करून पुढे. पहाटे टँकरपाशी किंवा नदीवर आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, बायांचे तर मुळीच नाहीत. परवानगी नसेल तर ड्रोन नाही. सोबत पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू, पायात जुने बूट. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा सोबत्याला भेटायची जागा आधी ठरवा.

घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. पुसा, पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात. तांदळात नको, पीठ आत जातं. कार्ड रिकामं करण्याआधी दोन ठिकाणी प्रत काढा. ज्यांना फोटो पाठवतो म्हणालात त्यांना त्याच आठवड्यात पाठवा. निवड नंतर करा.