जुन्या गाडीचे इंजिन वाजते? खोलण्याआधी ऐका

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली मॉरिस मायनर किंवा अँबेसेडर दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढली, की इंजिनातली टकटक कानावर येते. गॅरेजमधला निकाल बहुधा ठरलेला असतो: इंजिन बांधायला काढा. तेवढ्या खर्चात पडण्याआधी आवाज कुठून येतो, हे घरीही बरेचसे कळते.

थेट सेल्फ मारू नका. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत उभ्या इंजिनाच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो, वॉल्व्ह गाइडमध्ये अडकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडे इंजिन ऑइल सोडा आणि हँडलने इंजिन हळू फिरवा. अडले तर जोर नको. मग ऑइलची पातळी बघून गाडी चालू करा.

आधी बाहेरचे संशयित. इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढा आणि मिनिटभरच पुन्हा चालवा. आवाज गेला तर दोष डायनमोचा किंवा वॉटर पंपाचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट गळत असले तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. जोडावर काजळीचा डाग दिसतो.

आता लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून जागोजागी ऐका. सैल बाही, ओढणी फॅनपासून दूर ठेवा.

वरून, रॉकर कव्हरखालून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि वॉल्व्हचे टोक यांच्यातली फट वाढल्याची. मॉरिस मायनरच्या ओव्हरहेड वॉल्व्ह इंजिनात ही फट ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी हवी. वॉल्व्ह पुढून १ ते ८ मोजा आणि नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठवा पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मापायची, सहावा उघडा असताना तिसऱ्याची. माप बरोबर येऊनही आवाज राहिला, तर रॉकरचे टोक बघा. तिथे खळगा पडला असेल, तर फीलर गेज (फट मापायची पातळ पट्टी) त्याच्या कडांवर टेकते आणि खरी फट लपते. इथे बरेच जण फसतात आणि टॅपेट उगाच आवळत बसतात.

खालून येणारा ठोका जास्त गंभीर. इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढा, तिला जादा प्लग लावून तो ब्लॉकवर टेकवा आणि चालू करा. असे चारही सिलिंडर तपासा. ज्याची ठिणगी तोडल्यावर ठोका एकदम मंदावतो, त्याचे बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणारे) किंवा पिस्टन झिजला आहे. थंडपणी वाजून गरम झाल्यावर शांत होणारा आवाज बहुधा पिस्टनचा. त्यावर गाडी आणखी काही काळ चालू शकते. बिग एंडचा ठोका मात्र गरम झाल्यावरही राहतो, रेस सोडताना जास्त जाणवतो. चढावर जड धपधप आणि गरम इंजिनात ऑइल प्रेशर पडलेले, ही क्रँक पेलणाऱ्या मेन बेअरिंगची खूण.

झीज किती, हे सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज सांगते. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन तोडलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

बेअरिंगचा संशय असेल तर चोर्ला घाट दूरच, मेस्त्रीकडेसुद्धा गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. बेअरिंग वेळेत बदलले तर क्रँक वाचू शकतो.