जुनाट दुखणे आणि दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज करताना या चुका टाळा

शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना, दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर ताटकळणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली. ज्याचा पाय अपघातात गेला आहे त्याला आत फारसे बोलावे लागत नाही. पण ज्याची कंबर दहा वर्षे दुखते आहे, ज्याचे सांधे रोज सकाळी आखडतात, तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आपले दुखणे डॉक्टरांना आपोआप कळेल अशा भरवशावर आत जातो. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसे फाइल घेऊन घरी येतात आणि त्या फायलींतल्या चुका आजही त्याच असतात.

पहिला गैरसमज मुळातलाच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि त्यांत ‘जुनाट वेदना’ असा प्रकार नाही. अंगभर दुखत राहण्याचा आजार, फायब्रोमायल्जिया, तोही नाही. टक्के मिळतात ते दुखण्यामागच्या आजाराने शरीराच्या कामावर जी मर्यादा आली तिचे. संधिवाताने आखडलेले सांधे, ताठ झालेला कणा, रक्तपुरवठा तुटून झिजलेला खुबा ही प्रकरणे अस्थिव्यंगात तपासली जातात. सिकलसेल आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार कायद्यात स्वतंत्र प्रकार आहेत. त्यामुळे ‘फार दुखते हो, साहेब’ हे वाक्य कितीही खरे असले तरी डॉक्टरांना त्यातून काहीच लिहिता येत नाही. २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांना सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंत किती जोर आहे, माणूस कोणती कामे करू शकतो, हे पाहायचे असते. कणा ताठ करणाऱ्या संधिवातात कमरेवर टेपने मोजून १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करून रुग्णाला वाकायला सांगतात. निरोगी माणसात ते अंतर साधारण ५ सेंटीमीटरने वाढते. ते एकाच सेंटीमीटरने वाढले, तर त्या टेपमध्ये रुग्णाच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त असते.

आता ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो तिच्याकडे वळते, कारण ती एकदा मीच करवली होती. विड्या वळून घर चालवणारी एक बाई होती, वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन्ही हातांना आमवात. गावाहून एसटीने दोन तासांचा प्रवास आणि पुढे रांग, हे कसे झेपेल असे तिने मला विचारले. मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, “मावशी, गोळी घेऊन या, नाहीतर बसवणार नाही.” तिने एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्याच, शिवाय आदल्या संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शनही घेतले. दुपारी साडेबारा वाजता तिचा नंबर लागला तेव्हा मूठ जवळजवळ पूर्ण मिटत होती आणि मनगट बरे वळत होते. अठरा टक्के मिळाले, बहुतेक योजनांना लागणाऱ्या चाळीसच्या निम्मेही नाहीत. हीच बाई रोज सकाळी दोन तास बोटांत दोरा धरू शकत नव्हती आणि विडीची गाठ दातांनी ओढत होती, पण हे तिच्या एकाही कागदावर नव्हते आणि आत तिने स्वतःहून सांगितलेही नव्हते. मी चिडून विचारले, तर म्हणाली, “बाई, आज मला खरंच बरं वाटत होतं, खोटं कसं बोलू?” त्यावर मला उत्तर सुचले नाही.

याचा अर्थ बोर्डाच्या दिवशी औषधे बंद करावीत असा कोणी घेऊ नये. स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते, आणि टक्क्यांसाठी जिवाशी खेळणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. नेहमीची मात्रा नेहमीच्या वेळी घ्यावी, त्या दिवसापुरते जादा काही घेऊ नये आणि आत गेल्यावर कोणती गोळी किती वाजता घेतली हे न विचारता सांगावे. दुसरे काम मात्र काही महिने आधी सुरू करावे लागते. मी प्रत्येकाला चाळीस पानी वही आणायला लावते आणि रोज एक ओळ लिहून घेते. ‘आज दहापैकी आठ दुखले’ अशी ओळ मी खोडते. ‘सहाला जाग आली, पलंगाची कड धरून उभे राहायला वीस मिनिटे लागली, पाणी सुनेने भरले’ अशी ओळ ठेवते. वही हा पुरावा नसतो, हे खरे. पण ती दर खेपेला उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवली की ‘सकाळचा ताठरपणा दोन तास, पकड कमकुवत’ असे दोन शब्द केसपेपरवर उतरतात आणि शिक्क्या-तारखेचे असे सहा केसपेपर बोर्डासमोर उभे राहतात. त्या बाईचे पुढे असेच झाले. त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते, ते आम्ही केले. फेरतपासणीत ४५ टक्के मिळाले, तेही तात्पुरत्या प्रमाणपत्रावर. मधले सात-आठ महिने मात्र माझ्या सल्ल्यामुळे गेले.

याच्या उलट टोकाची चूक नाटकाची. एक तरुण आत गेला आणि आडवे झोपवून पाय जरा उचलताच किंचाळला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “बरं, उठून बसा, पाय सरळच राहू द्या, पाठ बघतो.” तो पाय लांब करून आरामात बसला. झोपून पाय उचलणे आणि पाय लांब करून बसणे यांत नसेवर ताण जवळपास सारखाच येतो, हे त्याला ठाऊक नव्हते. जाताना त्याने खाली पडलेली फाइलही कमरेत वाकून उचलली. वाईट याचे वाटते की त्याला खरोखर त्रास होता, त्याचा शस्त्रक्रियेचा कागद मी स्वतः पाहिला होता. पण त्यानंतर त्याच्या खऱ्या दुखण्यावरही विश्वास बसेना. जे जमते ते जमते म्हणावे आणि ते कितीदा जमते, त्यानंतर काय होते, हे पुढे जोडावे. ‘जिना चढतो, पण एकदाच, मग तासभर पडून राहावे लागते’ हे वाक्य खरे असते आणि उपयोगाचेही असते.

एकच दुखणे सांगून बाकीचे गिळून टाकणे ही साध्या माणसांची चूक आहे. कमरेसाठी आलेला माणूस आखडलेल्या गुडघ्याबद्दल किंवा वाकड्या जुळलेल्या मनगटाबद्दल बोलत नाही, कारण ‘ते जुनेच आहे’. दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही. नव्वदमधून मोठी टक्केवारी वजा करायची, जे उरेल त्याने लहान टक्केवारीला गुणायचे, नव्वदने भागायचे आणि येईल ते मोठ्या टक्केवारीत मिळवायचे. म्हणजे ३० आणि २० यांचे ५० होत नाहीत, ४३ च्या आसपास होतात. तरीही नुसत्या ३० वर थांबलेला माणूस या हिशेबाने ४० ची रेघ ओलांडतो, आणि बहुतेक योजनांचे दार त्या रेघेपाशीच आहे. म्हणून सगळे दाखवावे.

सिकलसेलच्या बाबतीत विदर्भातील आणि नंदुरबारकडील कुटुंबे अनेकदा फक्त सोल्युबिलिटी चाचणीचा कागद घेऊन येतात. ती प्राथमिक चाचणी आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी रक्तातल्या हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा अहवाल लागतो. वेदनेच्या झटक्यांसाठी दवाखान्यात राहावे लागल्याची आणि रक्त चढवल्याची डिस्चार्ज कार्डे तारखेप्रमाणे लावून ठेवावीत. ती घरातल्या पिशवीत चुरगळून पडलेली असतात आणि तारीख नेमकी घडीवर येते.

एमआरआयच्या फिल्मवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना एवढेच सांगते की चकती सरकल्याचे चित्र काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास सापडते.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा ठरली असेल तर थांबावे. घाईने गेलेल्याला बोर्ड एक तर पुन्हा बोलावते किंवा तात्पुरते प्रमाणपत्र देते.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो आणि इथे एक फालतू वाटणारी चूक महिने खाते. केंद्रावरचा मुलगा घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग तपासणीचा निरोप त्याच्या फोनवर जातो आणि अर्जदार घरी वाट पाहत बसतो. नंबर स्वतःचा आणि नाव आधारप्रमाणे आहे हे पडद्यावर स्वतः वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. कार्डाचा रंगही समजून घ्यावा: ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० आणि पुढे निळे.

‘इतक्या हजारांत इतके टक्के’ सांगणाऱ्या एजंटाबद्दल मी फार बोलत नाही. दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दिव्यांगांचा लाभ लबाडीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या वेळी एजंट शेजारी उभा नसतो.

प्रमाणपत्र हाती आले की पैसे सुरू होतील ही समजूतही चुकीची आहे. ज्याला गावात ‘निराधारचा पगार’ म्हणतात, त्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात वेगळा करावा लागतो आणि त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये आहेत. आयकरातली ७५,००० रुपयांची वजावट ही कर भरणाऱ्यांची बाब, तीही जुन्या करप्रणालीतच.

तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपते, हे लोक साफ विसरतात आणि अनुदान थांबल्यावर धावत येतात. मी मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लावते आणि तिच्या सहा महिने आधीची दुसरी तारीख त्याखाली लिहायला लावते. त्या दुसऱ्या तारखेला नवी चाळीस पानी वही आणायची असते.